अर्ध्या तासाची विश्रांती : हेलसिंकीतील एका लढतीचा व्यवसायाच्या अंगाने अभ्यास

२३ जुलै १९५२ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी शहरात, मेसुहाल्ली या सभागृहात, ऑलिंपिकमधील ५७ किलो वजनी गटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीच्या अखेरच्या फेऱ्या चालू होत्या. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव त्या वेळी २६ वर्षांचे होते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून ते पदकाच्या टप्प्यात आले होते. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची लढत बराच वेळ चालली आणि तीत ते पराभूत झाले. दम परत येण्याआधीच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यासाठी त्यांना पुन्हा मॅटवर बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये मल्लाला किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो नियम पंचांपुढे मांडून विश्रांतीची मागणी करणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढतही हरले. सुवर्णपदक इशी यांना, रौप्य मम्मदबेयोव्ह यांना आणि कांस्य खाशाबांना मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

कोल्हापूर परिसरातील लहान कारखानदारांबरोबर काम करताना मी हे प्रकरण अनेकदा चर्चेला घेतो. खाशाबांचे नाव येथे सर्वांना ठाऊक असते, पदकाची गोष्टही ठाऊक असते, पण ती बहुधा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि तेथेच थांबते. जिद्दीबद्दल मला कमालीचा आदर आहे, तरीही व्यवसाय करणाऱ्याने या प्रकरणात पाहण्यासारखी जागा दुसरी आहे, असे माझे मत आहे. ती जागा म्हणजे ती न मिळालेली ३० मिनिटे. त्या ३० मिनिटांपर्यंत पोचण्यासाठी खाशाबांनी आणि त्यांच्या भोवतालच्या माणसांनी जे जे उभे केले होते, ते एकेक पाहिल्यावरच नेमके काय उभे करायचे राहून गेले हे कळते.

लाल मातीतून मॅटवर

खाशाबांचे वडील स्वतः मल्ल होते. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना त्यांची कुस्ती वाढली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात तालमींचे जाळे उभे राहिले होते आणि त्यांनीच बांधवून घेतलेले खासबाग मैदान कुस्तीशौकिनांची पंढरी झाले होते. अशा गावात वाढलेल्या मल्लाला लाल मातीतली कुस्ती वेगळी शिकावी लागत नाही, ती अंगात भिनते. मातीतल्या कुस्तीत घाई नसते. प्रतिस्पर्ध्याला अजमावायला वेळ असतो आणि निकाल लागतो तो चितपटीने.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तेथे त्यांची गाठ प्रथमच मॅटशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांशी पडली. वेळेचे बंधन, गुण, पंचांचा कौल, पकडीचे वेगळे संकेत, हे सर्व त्यांच्यासाठी नवे होते. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना त्या काळात मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोमध्ये, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवून आणि इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून पराभूत होऊन, खाशाबा सहावे आले.

घरच्या बाजारात उत्तम चालणारा माल परदेशी पाठवू पाहणाऱ्या कारखानदाराने हा टप्पा नीट पाहावा, असे मला वाटते. खाशाबांच्या कौशल्यात काही खोट नव्हती. ज्या जमिनीवर ते कौशल्य घडले ती जमीन मात्र बदलली होती. लंडनच्या अनुभवानंतर त्यांनी मातीतला पाया सोडला नाही, ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता आणि तो राहिला. पण पुढची चार वर्षे त्यांनी मॅटच्या गरजेप्रमाणे वेग आणि दमसास वाढवण्यासाठी दिली. शिवाय ते ५२ किलोऐवजी ५७ किलोच्या गटात उतरले. वजनाचा गट बदलणे म्हणजे मल्लाच्या दृष्टीने जवळजवळ नवा बाजार निवडणे. तेथे प्रतिस्पर्धी निराळे असतात, त्यांची ताकद निराळी असते आणि आपल्या जुन्या आडाख्यांपैकी किती उपयोगी पडतील याची खात्री नसते.

पैसा कोठून आला

हेलसिंकीला जाण्यासाठी लागणारा पैसा खाशाबांकडे नव्हता. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, कराडच्या दुकानदारांनी हातभार लावला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आजच्या वाचकाला हा आकडा लहान वाटेल, पण त्या काळी तेवढ्या रकमेसाठी घर गहाण टाकावे लागत होते, हाच त्या आकड्याचा खरा अर्थ आहे.

नव्या उद्योगाला पहिले भांडवल बहुतेक वेळा याच मार्गाने मिळते. बँक मागे उभी राहण्याआधी सासरा, शिक्षक, जुना मालक किंवा गल्लीतला किराणा दुकानदार उभा राहतो. या पैशाला कागदोपत्री व्याज नसते, मात्र त्याचे ओझे बँकेच्या कर्जाहून जड असते. त्यामुळे असा पैसा वापरताना माणूस एक विशिष्ट चूक करतो, ती मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. जे डोळ्यांना दिसते त्यावर, म्हणजे यंत्रावर, मालावर आणि प्रवासावर, तो खर्च करतो. जे दिसत नाही त्यावर खर्च करताना त्याला संकोच वाटतो. गावाने रुपया रुपया जमवून दिलेल्या पैशातून सल्लागाराची फी भरणे त्याच्या जिवावर येते. ही भावना चांगल्या माणसांच्या मनात येते, आणि म्हणूनच तिच्यापासून त्यांना सावध करणे अवघड जाते.

मद्रासचा आक्षेप

हेलसिंकीआधीच्या निवडीची हकिकतही येथे महत्त्वाची आहे. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून कमी गुण देण्यात आले आणि त्यामुळे आपली ऑलिंपिकसाठीची निवड हुकली, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळाचे जाणकार होते, त्यांना तक्रारीत तथ्य वाटले आणि खाशाबांना चाचणी लढतीत उतरण्याची संधी मिळाली. ती लढत त्यांनी जिंकली आणि त्यांचे जाणे नक्की झाले.

म्हणजे अन्यायाविरुद्ध बोलण्याचे धैर्य या माणसात नव्हते, असे कोणालाही म्हणता येणार नाही. धैर्य होते, पद्धतही ठाऊक होती आणि योग्य दाराशी जाण्याची समजही होती. मग मेसुहाल्लीत काय बदलले? मद्रासच्या प्रकरणात त्यांच्याकडे अर्ज लिहायला दिवस होते, निवांतपणा होता आणि दाद मागण्याचे ठिकाण ओळखीच्या जगातले होते. हेलसिंकीत त्यांच्याकडे काही क्षण होते आणि ते क्षणही नुकत्याच संपलेल्या झुंजीच्या धापेत गेले.

ती ३० मिनिटे

माझ्या वर्गात येथे नेहमी वाद होतो. काही जण म्हणतात की खाशाबांनी स्वतःच पंचांना थांबवायला हवे होते. मला हे म्हणणे पटत नाही. जो माणूस काम करतो आहे, त्यानेच त्याच क्षणी आपल्या हक्काचा युक्तिवादही करावा, ही अपेक्षा माणसाच्या शरीराला आणि मनाला न पेलणारी आहे. मल्लाचे सारे भान समोरच्याच्या खांद्याकडे आणि पायांकडे असते. नाव पुकारले की उठून उभे राहणे हेच त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. आखाड्यात बोलावल्यावर मागे राहणे त्याला कमीपणाचे वाटते. म्हणूनच संघाबरोबर व्यवस्थापक पाठवतात. घड्याळाकडे पाहणे, नियमाचे कलम बोट ठेवून दाखवणे आणि प्रसंगी वाईटपणा घेणे, हे त्याचे काम असते.

विश्रांती मिळाली असती तर खाशाबा जिंकले असते का, हा प्रश्न मी वर्गात फार वेळ चालू देत नाही. मम्मदबेयोव्ह बलाढ्य होते. इशी यांनी तर त्या ऑलिंपिकमध्ये जपानसाठी एकमेव सुवर्णपदक मिळवले. प्रतिस्पर्ध्यांचा मोठेपणा कमी करून आपल्या माणसाचा मोठेपणा वाढत नसतो. प्रश्न एवढाच आहे की जी गोष्ट नियमाने आपली होती आणि जिच्यासाठी एक पैसाही द्यावा लागणार नव्हता, ती आपण घेतली नाही, कारण ती मागायला माणूस नव्हता.

लहान उद्योगात हे रोज घडते. माझ्या परिचयाच्या एका ओतकाम कारखान्याचे उदाहरण सांगतो. मालक स्वतः साच्यापासून वितळलेल्या धातूपर्यंत सगळ्यात जाणता. कास्टिंगवर टिचकी मारून आवाजावरून आतला दोष सांगणारा. त्याच्या एका मोठ्या ग्राहकाने एका खेपेतील बराच माल सदोष ठरवून डेबिट नोट, म्हणजे देयकातून तेवढी रक्कम कापत असल्याची सूचना, पाठवली. खरेदीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिले होते की ठरावीक दिवसांच्या आत पुरवठादाराने मागणी केल्यास नाकारलेल्या मालाची संयुक्त तपासणी होईल. डेबिट नोटेचा ई-मेल हिशेब पाहणाऱ्या मुलाकडे आला. त्याने तो हिशेबाचा कागद म्हणून नोंदवून घेतला. मालक त्या आठवड्यात भट्टीच्या दुरुस्तीत अडकला होता. त्याला हे कळले तेव्हा मुदत उलटून गेली होती, आणि नाकारलेला माल भंगारात गेलाही होता. त्यातला किती खरोखर सदोष होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मालकाचे काम चोख होते आणि अटही त्याच्या बाजूची होती, फक्त तो भट्टीपाशी होता आणि पंचांच्या टेबलापाशी त्याचे कोणी नव्हते.

येणी वसूल करण्याच्या बाबतीत तर ही गोष्ट कायद्यानेच लिहून ठेवली आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ साली झाला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी राज्य पातळीवर सुकरता परिषदा आहेत. एवढा भक्कम नियम हाताशी असूनही माझ्या ओळखीच्या किती कारखानदारांनी आजवर हे व्याज मागितले, ते मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील.

अर्थात येथे दोन्ही प्रसंगांत फरक आहे आणि तो झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. खाशाबांच्या बाजूने बोलायला माणूस नव्हता. कारखानदार मात्र पुष्कळदा जाणूनबुजून गप्प राहतो, कारण व्याज मागितले तर पुढची ऑर्डर जाईल अशी त्याला भीती असते, आणि ती भीती निराधार नसते. पण गप्प राहायचे की नाही, हा निर्णय घेण्यासाठीसुद्धा आधी नियम ठाऊक असावा लागतो, मुदतीची तारीख कोणीतरी पाहत असावी लागते आणि मालकाने ‘या वेळी सोडून देऊ’ असे ठरवून म्हणावे लागते. जाणून सोडलेला हक्क आणि हातातून निसटलेला हक्क यांची किंमत वहीत सारखी दिसते, तरी पुढच्या वेळी ग्राहकासमोर बसताना तोच फरक आपल्याला उपयोगी पडतो. गेल्या वर्षी आम्ही सोडले होते, असे सांगता येते.

कोणी विचारील की बाजू मांडणारा माणूस असला म्हणजे सारे साधते का? तसेही नाही. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या वजनाला १०० ग्रॅम जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. त्यांच्या बाजूने क्रीडा लवादापुढे नामवंत वकील उभे राहिले, तरी अर्ज फेटाळला गेला. खाशाबांचा नियम त्यांच्या बाजूचा होता, विनेश यांचा नियम त्यांच्या विरोधात होता. विरोधात असलेल्या नियमावरचे उत्तर आदल्या रात्रीपर्यंतच्या तयारीत असते, नंतरच्या युक्तिवादात फारसे नसते. म्हणून बाजू मांडणाऱ्या माणसाचे काम वाद सुरू झाल्यावर सुरू होते, असे समजणारा मालक निम्मेच काम समजला आहे. करारावर सही होण्यापूर्वी अटी वाचणारा आणि माल बाहेर पडण्यापूर्वी तारखा वहीत मांडणारा माणूस अधिक मोलाचा.

असा माणूस पगारी ठेवणे लहान कारखान्याला नेहमी परवडत नाही, हे मला मान्य आहे. मी ज्या कारखान्याचे उदाहरण दिले, तेथे हे काम आता मालकाची भाची करते. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आठवड्यातून दोन दिवस दुपारी येते आणि प्रत्येक खरेदी आदेशातील तपासणी, मुदत, दंड आणि देयक या चार अटी एका वहीत उतरवून त्यांपुढे तारखा घालते. भट्टीचे तिला काही कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. तिच्या पहिल्या वर्षात आलेल्या एका डेबिट नोटेला सहाव्या दिवशी उत्तर गेले. संयुक्त तपासणीत काही कास्टिंग खरोखरच सदोष निघाले, ते मालकाने मुकाट्याने बदलून दिले. उरलेले ग्राहकाने स्वीकारले. निविदेतील दर काढताना तिच्या मानधनाची ओळ आता खर्चात धरली जाते. गावाने वर्गणी काढताना हेलसिंकीतल्या व्यवस्थापकाची ओळ धरावी, असे मी कधीही म्हणणार नाही. ती जबाबदारी संघ पाठवणाऱ्यांची होती. पण कारखान्याच्या बाबतीत संघ पाठवणारा आणि मल्ल एकच असतो, म्हणून ती ओळ त्यालाच लिहावी लागते.

पदकानंतर

खाशाबा परतले तेव्हा कराड ते गोळेश्वर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आपले भांडवल फळाला आलेले डोळ्यांनी पाहिले. यंत्रणेला मात्र त्या पदकाचे काय करायचे ते उमगले नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि तेथेच त्यांनी उरलेली नोकरी केली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते मुकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

लंडन आणि हेलसिंकीचा अनुभव असलेल्या माणसाकडून मॅटवरच्या कुस्तीबद्दल, पंचांबद्दल, नियमांबद्दल आणि त्या ३० मिनिटांबद्दल जे शिकता आले असते, ते शिकून घेण्याची व्यवस्था त्या काळी कोणी उभी केली नाही. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेस यांच्या कांस्यपदकापर्यंत, ४४ वर्षे लागली. कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली सुशील कुमार यांनी आणले. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी २०२४ उजाडले. ते आणले कोल्हापूर जिल्ह्यातीलच, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी, नेमबाजीत. या मोठ्या खंडांची कारणे अनेक आहेत आणि त्यांतले एकच उचलून धरणे योग्य नाही. तरीही ज्या कारखान्यातून पंचवीस वर्षांचा जुना कारागीर निवृत्त होतो आणि त्याला कोणी काहीही विचारून ठेवत नाही, त्या कारखान्याच्या मालकापुढे मी हा ४४ चा आकडा नेहमी ठेवतो.

प्रकरणातील एक हिशेब मात्र पूर्ण झाला. हेलसिंकीहून परतल्यावर सत्कार चालू असतानाच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात लढले, कुस्त्या मारल्या आणि त्यातून आलेला पैसा प्राचार्य खर्डेकरांच्या हाती दिला. त्या पैशातून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सुटले.